गाळ्यातला कामगार कायद्याला दिसतो कसा?

नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानात टांगलेली दाराची पितळी मूठ घ्या. बघणाऱ्याला वाटतं, एखाद्या कारखान्याच्या एका दारातून पितळ आत गेलं आणि दुसऱ्या दारातून मूठ बाहेर आली. मुंबईत असं क्वचितच होतं. समजा, कुर्ल्याच्या एका गाळ्यात सहा जणांनी तिचं ओतकाम केलं. टेम्पोतून ती साकीनाक्याला गेली, तिथं चौदा जणांच्या गाळ्यात लेथ आणि ड्रिलवर चढली. मग शेजारच्या इस्टेटीत नऊ जणांकडे बफिंग, पुढे आठ जणांकडे प्लेटिंग, आणि शेवटी असल्फ्याच्या चाळीत पाच बायकांनी ती स्क्रूच्या पुडीसकट खोक्यात भरली. बेचाळीस माणसांचा हात तिला लागला. पण बेचाळीस कामगारांचा कारखाना असा कुठल्याच सरकारी दप्तरात नाही. दप्तरात फार तर चार छोटे धंदे सापडतील. त्या पाच बायका तिथंही सापडणार नाहीत.

हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण आपल्याकडे कामगाराचे बरेचसे हक्क डोकी मोजून लागू होतात. काम तेच, मशीन तेच, धोका तोच, पण मस्टरवर नऊ नावं असतील तर एक कायदा आणि दहा असतील तर दुसरा. मरोळ, साकीनाका, भांडुप, गोरेगाव, कांदिवली, महालक्ष्मी इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटींत काम करणाऱ्या माणसाचं म्हातारपण आणि आजारपण या आकड्यांवर ठरतं. आणि हे आकडे खुद्द कामगाराला कुणी सांगितलेलेच नसतात.

ही रचना आपोआप उभी राहिलेली नाही. गिरण्यांच्या काळात एका गेटमधून हजारो माणसं एकाच मालकाच्या मस्टरवर हजेरी लावत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार एकदम बाहेर पडू शकले, ते त्यामुळेच. पण त्याआधीच, सत्तरच्या दशकात, मुंबईत नवे मोठे कारखाने येऊ द्यायचे नाहीत, उद्योग ठाणे-बेलापूरकडे आणि त्याही पलीकडे न्यायचे, असं धोरण राज्यानं धरलं होतं. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीनं ठाण्याची वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, अंधेरीचं मरोळ असे पट्टे विकसित केले. मरोळमध्येच १९७३ साली निर्यातीसाठी सीप्झ आलं. पुढे जमिनीचे भाव असे चढले की मुंबईत मोठं आवार राखून माल बनवणं परवडेनासं झालं. मोठे गेले, उरले ते गाळे. वर पोटमाळा, खाली दोन-चार मशिनं, दाराशी शटर, थ्री-फेजचं मीटर आणि दरमहा सोसायटीचा मेन्टेनन्स. अनेकदा गाळ्याचा मालक एक आणि धंदा चालवणारा भाडेकरू दुसराच.

दहा, वीस आणि बिनआकड्याचे हक्क

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. जुने एकोणतीस कायदे त्यांच्यात सामावले गेले. नावं बदलली, तरी डोकी मोजायची पद्धत राहिली, आणि काही ठिकाणी आकडा वर सरकला.

गाळेवाल्यांसाठी पहिला महत्त्वाचा आकडा दहा. दहा किंवा अधिक माणसं असली की ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, लागू होतं, ग्रॅच्युइटी लागू होते, आणि नव्या संहितेनुसार प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक होतं. दुसरा आकडा वीस. वीस माणसं झाली की पीएफ सक्तीचा. वीज वापरून माल बनवणारी जागा ‘कारखाना’ ठरते तीही आता विसाला. १९४८ च्या मूळ कारखाने कायद्यात हा आकडा दहा होता. म्हणजे मूठ लेथवर चढली तो चौदा जणांचा गाळा मूळ कायद्याप्रमाणे कारखाना ठरला असता. आता तो कारखाना नाही. तिथं खास कारखान्यासाठी असलेले नियम लागू करायला कारखाना निरीक्षकाचा हात पोचत नाही. पन्नास आणि तीनशे हेही आकडे आहेत. पन्नासपासून ठेकेदाराला परवाना लागतो, तीनशेपासून कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते. गाळ्यांच्या जगात हे दोन्ही फार लांबचे.

आता असे हक्क, ज्यांना आकडाच नाही. किमान वेतन. गाळ्यात एकच हेल्पर असला तरी ते द्यावंच लागतं, आणि पीसवर, म्हणजे नगामागे पैसे घेऊन, काम करणाऱ्यालाही. महाराष्ट्रात त्याचे दर उद्योगानुसार आणि परिमंडळानुसार ठरत आले आहेत, त्यात मुंबई पहिल्या परिमंडळात येते. महागाईला जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा आकडा दाखवून ‘हाच सरकारी रेट’ असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर हाही असाच हक्क. आणि काम करताना अपघात झाला तर नुकसानभरपाई. जिथं ईएसआयसी नाही तिथं ती मालकानं द्यायची असते. ‘आपलं युनिट छोटं आहे, आपल्याला कायदा लागत नाही’ हे वाक्य गाळ्यागाळ्यांत ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कामगाराला ठाऊक असलं पाहिजे.

डोकी मोजायची कुणाची?

खरी गुंतागुंत इथं आहे. गाळ्यात ठेकेदारानं आणलेली माणसं असतील तर ती कुणाची? मालक म्हणतो ठेकेदाराची, ठेकेदार म्हणतो मी फक्त माणसं पुरवतो. पीएफ आणि ईएसआयसीच्या हिशेबात उत्तर स्पष्ट आहे. मालकाच्या जागेत किंवा त्याच्या देखरेखीखाली काम चालत असेल, तर ठेकेदाराची माणसंही त्याच जागेच्या मोजणीत येतात. ठेकेदारानं पैसे भरले नाहीत तर ते भरायची जबाबदारी मुख्य मालकावर येते, आणि तो नंतर ठेकेदाराच्या बिलातून कापून घेऊ शकतो. पॅकिंगचे सहा जण ठेकेदाराचे आणि मशिनवरचे पाच मालकाचे, तर गाळा अकरा जणांचा, पाचाचा नव्हे.

जॉबवर्कचं मात्र वेगळं. मुठीचा माल चलनावर, म्हणजे माल पाठवल्याच्या कागदावर, दुसऱ्याच्या गाळ्यात गेला, तिथं त्याच्या मशिनवर, त्याच्या माणसांनी, त्याच्या देखरेखीखाली काम केलं, तर तो स्वतंत्र धंदा मानला जातो. त्याची नऊ माणसं त्याचीच. हा फरक नीट लक्षात घेतला की मुंबईतले गाळे लहान का राहतात याचं एक कारण उलगडतं. जागा आणि भांडवल तोकडं असतं हे तर खरंच. पण आठव्या-नवव्या माणसानंतर नवं काम स्वतःकडे घेण्यापेक्षा ते चलनावर बाहेर पाठवणं सोपं पडतं. काम वाढतं, मस्टर वाढत नाही.

काही ठिकाणी याच्याही पुढची युक्ती चालते. एकच शटर, आत एकच मुकादम, पण कागदावर दोन नावं, एक नवऱ्याच्या नावानं, एक बायकोच्या नावानं, आणि प्रत्येकात आठ-नऊ माणसं. ही युक्ती वाटते तितकी पक्की नाही. एकाच आस्थापनेचे विभाग आणि शाखा, मग त्या एका जागी असोत की वेगवेगळ्या, पीएफ कायद्यात एकत्र धरल्या जातात. पैसा, व्यवस्थापन, मशिनं आणि माणसं इकडून तिकडे फिरत असतील तर दोन नावांमागे धंदा एकच आहे असं अधिकारी आणि न्यायालयं ठरवू शकतात. त्याचा पुरावा बहुतेक वेळा कामगाराच्या हातात असतो. सकाळी एका नावाच्या चलनावर सही केली आणि दुपारी दुसऱ्या, अशी दोन चलनं पुरेशी बोलकी असतात.

आणखी एक नियम फार कमी जणांना माहीत असतो. एकदा ईएसआयसी किंवा पीएफ लागू झालं की नंतर माणसं कमी झाली म्हणून ते सुटत नाही. दिवाळीच्या सीझनला गाळ्यात बारा माणसं होती आणि होळीला सातच उरली, तरी त्या सातांचं ईएसआयसी चालूच राहतं. तसंच, वीसच्या आत माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर पीएफ आपणहून लावून घेता येतो. अगदी छोट्या गाळ्यातही असं केलेले मालक आहेत, आणि मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

पॉवर प्रेसखालचं बोट

पत्र्याचं काम जिथं चालतं तिथं पॉवर प्रेस असतो. एका हातानं पत्र्याचा तुकडा डायमध्ये सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, ठोका पडला की तयार नग काढायचा. नगावर पैसे असले की हात आणि पाय यांची एक लय बसते, आणि त्या लयीत गार्ड आडवा येतो. म्हणून तो काढून ठेवलेला असतो, कित्येकदा कामगाराच्याच संमतीनं. संध्याकाळी सहानंतर, ओव्हरटाइमच्या तासात, पाय हाताच्या आधी पडतो. साकीनाक्याच्या किंवा भांडुपच्या कुठल्याही जुन्या इस्टेटीत चहाच्या टपरीवर थोडा वेळ उभे राहा. ग्लास धरलेल्या हातांत एखाद्या बोटाचं पेर नसलेला हात दिसतोच.

अशा वेळी ईएसआयसीचं कार्ड असणं आणि नसणं यात काय फरक पडतो, तो रुपयांत मांडतो. सोळा हजार पगार धरू. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के म्हणजे १२० रुपये जातात, मालक ३.२५ टक्के म्हणजे ५२० भरतो. महिन्याला एकूण ६४०. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. मुलुंड, कांदिवली, वरळी, परळ इथं कामगार विम्याची रुग्णालयं आहेत. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी अमुक दिवसांची वर्गणी भरलेली असण्याची अट नसते. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. साध्या आजारपणाची रजा असेल तर पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. त्याला मात्र आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते.

बोट गेलं तर कायद्याच्या परिशिष्टात त्याचा दर लिहिलेला आहे. अख्खी तर्जनी गेली तर कमावण्याची ताकद १४ टक्के गेली, अंगठा गेला तर ३० टक्के, असं तिथं धरलं आहे. सोळा हजार पगाराच्या माणसाची तर्जनी गेली तर महिना साधारण दोन हजार रुपये, जन्मभर. पेन्शनसारखे. रक्कम तुटपुंजी आहे, पण कार्ड नसलेल्याच्या हातात बहुतेक वेळा येतं ते इस्पितळाचं बिल, एक-दोन महिन्यांचा पगार आणि ‘गावी जाऊन आराम कर’ एवढंच.

मालकानं वर्गणी भरली नव्हती म्हणून कामगाराचा हक्क संपत नाही, हेही सांगायला हवं. महामंडळ कामगाराला लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकतं. मात्र त्यासाठी तो माणूस तिथं कामाला होता हे सिद्ध व्हावं लागतं, आणि रोख पगार घेणाऱ्याचं घोडं इथं अडतं. शिवाय ईएसआयसीला २१ हजारांची पगारमर्यादा आहे. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, बसलेला चांगला ऑपरेटर त्यापुढे गेला की योजनेबाहेर पडतो. ही मर्यादा २०१७ पासून तीच आहे, मुंबईतली घरभाडी मात्र तिथं थांबलेली नाहीत. ती वाढवायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

पीएफबद्दलही एक गोष्ट घरात बसून समजून घ्या. पंधरा हजारांच्या पगारावर कामगाराचे १८०० आणि मालकाचे १८०० जातात. मालकाच्या १८०० पैकी सुमारे १२५० पेन्शन योजनेत जमा होतात. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, पण ती एकाच मालकाकडे लागत नाही. यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून खातं पुढे नेलं तर तीन वर्षं या गाळ्यातली, चार त्या गाळ्यातली, अशी बेरीज होते. आपली माणसं गाळा बदलला की पीएफ काढून घेतात, त्याबरोबर पेन्शनचेही पैसे उचलतात आणि मोजणी पुन्हा शून्यावर आणतात. मुलीचं लग्न, गावचं घर, गरजा खऱ्याच असतात. पण पेन्शनचे पैसे उचलण्याऐवजी त्या वर्षांचं योजना प्रमाणपत्र घेता येतं आणि ती वर्षं मोजणीत राहतात, एवढं तरी माहीत असावं.

मालकाचा गळा कुठं अडकतो

छोट्या गाळ्याचा मालक हा अनेकदा कालचा ऑपरेटर असतो. सात तारखेला पगार झाला नाही याचं कारण त्याच्या खिशात पैसे नसणं हेही असू शकतं. माल दिला, बिल दिलं, आणि मोठा खरेदीदार तीन-तीन महिने चेक काढत नाही. साखळीच्या वरच्या टोकाला थांबलेला पैसा सर्वांत खालच्या माणसाच्या घरात किराण्याची उधारी होऊन उतरतो.

यावर कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचं बिल, मुदतीचा लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत चुकतं करायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. २०२३ च्या अर्थसंकल्पानं त्याला आयकराची जोड दिली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. जॉबवर्कलाही हे लागू होतं. अट एवढीच की गाळेवाल्याची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, हवी. ती फुकट होते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते.

तरी तक्रारी थोड्याच होतात. एकच मोठी पार्टी असलेल्या गाळेवाल्यानं तक्रार केली की पुढचं काम शेजारच्या गाळ्यात जातं. या बाबतीत तो आणि त्याचा हेल्पर एकाच भीतीखाली जगतात.

दुसरी टांगती तलवार जमिनीची. मुंबईच्या विकास नियमावलीत औद्योगिक पट्ट्यातली जमीन, काही भाग मोकळ्या जागेसाठी आणि सुविधांसाठी सोडून, निवासी किंवा व्यापारी वापरात आणता येते. ज्या इस्टेटीशेजारी टॉवर आला तिथं आवाजाच्या आणि वासाच्या तक्रारी येतात, मग पुनर्विकासाची चर्चा सुरू होते. मोबदला मिळतो गाळ्याच्या मालकाला. भाडेकरू धंदेवाला वसई-भिवंडीला सरकतो आणि कामगाराला विरारहून साकीनाक्याऐवजी भिवंडी गाठायची वेळ येते, किंवा तो घरीच बसतो.

काही जणांचा हा प्रवास अजिबातच नसतो, कारण ते गाळ्यातच झोपतात. भाडं वाचतं, मालकाला राखणदार मिळतो. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागली आणि बारा कामगार गेले. ते रात्री तिथंच मुक्कामाला होते. अग्निशमन यंत्रणा ठीक असल्याचा दाखला इमारतीला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचा असतो. पण कागदावर जिथं रात्री माणूसच नाही, तिथं त्याच्या बाहेर पडायच्या वाटेचा विचार कोण करणार?

आपल्याच राज्यात सापडलेला मार्ग

डोकी मोजण्यावाचून दुसरा मार्गच नाही असं नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यानं महाराष्ट्रात तो काढलेला आहे. हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या, मग त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यातून उत्तर आलं ते मंडळाचं. कामगार मंडळाकडे नोंदवायचा, व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळात भरायची, आणि पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे मंडळानं द्यायचे. एका व्यापाऱ्याकडे दोन हमाल असोत की वीस, फरक पडत नाही. १९८१ साली सुरक्षा रक्षकांसाठीही राज्यानं असाच कायदा केला.

या मंडळांच्या कारभारात दोष आहेत, बोगस टोळ्यांच्या तक्रारी आहेत. पण मूळ कल्पना गाळ्यांना चपखल लागू पडते. जॉबवर्कच्या चलनावर मालाची किंमत आणि बिलात मजुरी लिहिलेली असते. त्या मजुरीवर छोटी लेव्ही लावून ती त्या पट्ट्यातल्या कामगार मंडळात गेली, तर बफिंगचे नऊ जण आणि खोकी भरणाऱ्या पाच बायका यांच्या नावाचंही खातं उघडेल. गाळेवाला म्हणेल, आधीच मार्जिन नाही, त्यात ही लेव्ही. त्याचं बरोबर आहे. म्हणूनच ती वरच्या खरेदीदाराच्या बिलात वेगळी दाखवून त्याच्याकडून घ्यायला हवी, गाळेवाल्याच्या मजुरीतून नव्हे. युनियननं, नगरसेवकानं, आमदारानं हा प्रश्न हाती घ्यावा असं मला वाटतं.

तोवर, तुमच्या घरातलं कुणी गाळ्यात जात असेल तर या रविवारी त्यांच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून बघा. पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरलेली असायला हवी. पासबुकात मालक म्हणून कुणाचं नाव दिसतं तेही बघा. गाळ्याच्या पाटीपेक्षा वेगळं असेल तर ते लिहून ठेवा. पगार बँकेतून मागा. सही केलेल्या चलनांचे, गेटपासचे, हजेरीच्या वहीचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. किमान वेतन आणि ओव्हरटाइमची तक्रार वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात जाते, ईएसआयसीची लोअर परळच्या पंचदीप भवनात, आणि पीएफची तक्रार ऑनलाइनही करता येते. एकट्यानं जाण्यापेक्षा इस्टेटीतल्या तीन-चार गाळ्यांतल्या माणसांनी मिळून जावं. म्हणजे निवेदनावर नावं जास्त असतात, आणि एकाच माणसाला हेरून कामावरून काढणं मालकाला अवघड जातं.